आईवडील परत जातात तेव्हा

परदेशी गेलेली मुले आणि इथे उरलेले आईवडील ही गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींपासून आजच्या दिवाळी अंकांपर्यंत ती आपण वाचत, पाहत आलो आहोत. हे पुस्तक त्याच गोष्टीचा पुढचा भाग हाती घेते. जे तेव्हा गेले ते आता सत्तरी-पंचाहत्तरीचे झाले आणि त्यांच्यापैकी काही जण परत आले. त्यांची मुले मात्र तिकडेच राहिली, कारण ती तिकडचीच आहेत. न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या उपनगरात वाढलेली, चाळिशीतली, स्वतःची मुलेबाळे आणि घराचे हप्ते असलेली ही माणसे. आईवडील पुण्याला कायमचे राहायला गेल्यावर या मुलांचे काय होते, याबद्दल मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही आणि इंग्रजीतही हा विषय अलीकडेपर्यंत तळटीपांतच सापडत असे.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे, की परतणे ही एकट्यादुकट्याची नव्हे, सगळ्या कुटुंबाची घटना असते. ज्याने 1970च्या आसपास साताऱ्यातल्या आईवडिलांना मागे ठेवले, तोच माणूस पन्नास वर्षांनी न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मुलांना मागे ठेवून निघतो. पहिल्या निघण्याला आपण स्थलांतर म्हणतो आणि दुसऱ्याला घरवापसी, पण मागे राहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोन्हींत फारसा फरक नाही. दोन्ही वेळा कुणीतरी उरतो आणि उरलेल्याला नवी घडी बसवावी लागते. साताऱ्याच्या आजी-आजोबांनी ती कशी बसवली आणि एडिसनची नात ती कशी बसवते आहे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहणे हेच या अभ्यासक्षेत्राचे काम. त्यात विद्यार्थ्याचे, समुपदेशकाचे, परतू पाहणाऱ्या आईवडिलांचे आणि त्यांच्या मुलांचेही स्वागत आहे.

क्षेत्राचा पूर्वेतिहास

स्थलांतराच्या अभ्यासाची सुरुवात अर्न्स्ट जॉर्ज रेव्हनस्टाइन यांच्या 1885च्या निबंधापासून करण्याची रीत आहे. ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे चाळून त्यांनी स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यांतला एक नियम असा, की माणसांचा प्रत्येक मोठा प्रवाह आपला एक उलटा प्रवाहही निर्माण करतो. म्हणजे परतीची दखल अगदी पहिल्या पानावर घेतली गेली होती. तरीही पुढची सत्तर-ऐंशी वर्षे अभ्यासकांचे लक्ष येणाऱ्यांवरच खिळून राहिले. याला एक साधे, सरकारी कारण आहे. येणाऱ्याची नोंद होते, जाणाऱ्याची होत नाही. अमेरिकेने देश सोडून जाणाऱ्यांची आकडेवारी 1908पासून गोळा केली, पण 1957मध्ये ती बंद केली. तेव्हापासून तिथून किती जण कायमचे परत गेले हे अप्रत्यक्ष अंदाजांनीच काढावे लागते.

1974मध्ये फ्रान्सेस्को चेरासे यांनी अमेरिकेतून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास करून परतीचे चार प्रकार सांगितले. जम बसला नाही म्हणून परतणे, आधीपासूनच परतायचे ठरवून पैसा साठवणे आणि तसेच परतणे, निवृत्तीनंतर परतणे आणि काहीतरी नवे करून दाखवण्यासाठी परतणे. 1980मध्ये जॉर्ज ग्मेल्च यांनी तोवरच्या कामाचा आढावा घेतला आणि ‘परतीचे स्थलांतर’ हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला. त्याच सुमारास, 1979मध्ये, मुहम्मद अन्वर यांचे ब्रिटनमधल्या पाकिस्तानी कुटुंबांवरचे पुस्तक आले. पुढच्या वर्षी परत जाऊ असे म्हणत म्हणत माणसे तिथेच कशी स्थिरावतात हे त्यांनी रॉचडेल गावाच्या उदाहरणाने दाखवले. ‘मुलीचे कॉलेज आटोपले की जाऊ’, ‘घराचे कर्ज फिटले की जाऊ’ ही वाक्ये ज्यांच्या घरात वर्षानुवर्षे ऐकू आली, त्यांना ते पुस्तक ओळखीचे वाटेल.

या सगळ्या कामात परतणारा माणूस केंद्रस्थानी आहे. तो का परतला, गावाने त्याला सामावून घेतले का, त्याने पैसा कशात घातला, असे प्रश्न विचारले गेले. त्याच्या मुलांना प्रश्न विचारायला आणखी बराच काळ जावा लागला.

कोण परततो आणि किती परततो

भारतीयांपुरते बोलायचे तर 1965चा अमेरिकेचा स्थलांतर कायदा हा मूळ दुवा. 1946च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला जेमतेम 100 जणांचा कोटा मिळाला होता. 1965नंतर डॉक्टर, इंजिनियर, संशोधक यांना दार उघडले आणि मुंबई-पुण्यातून शिकून निघालेली पहिली मोठी मराठी पिढी तिकडे गेली. तिने 1969मध्ये शिकागोला महाराष्ट्र मंडळ काढले आणि 1981मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ. परतीचा प्रश्न आज खऱ्या अर्थाने आहे तो याच पिढीपुढे.

याहून वेगळा एक गट आहे आणि दोघांची गल्लत करू नये. अमेरिकन नागरिक झालेली मुले आईवडिलांना नंतर, साठीत, ग्रीन कार्डावर बोलावून घेतात. या आईवडिलांना गाडी चालवता येत नाही, दिवसभर घरात बोलायला कोणी नसते, बर्फ पडला की फिरणेही बंद. सारा लॅम्ब यांच्या 2009च्या पुस्तकात भारतातल्या आणि अमेरिकेतल्या अशा ज्येष्ठांचे बारकाईने चित्रण आहे. हे लोक परततात ते आपल्या ओळखीच्या जगात. मुलांना त्यांचे जाणे लागते, पण त्या मुलांनीही आधी एकदा देश सोडलेला असतो. अमेरिकेत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या मुलांचे तसे नाही. त्यांच्या दृष्टीने आईवडील त्यांच्या मूळ घरी जात नाहीत, मुलांचे मूळ घर मोडून जातात.

कधी राज्यकर्तेच परत पाठवणीची घाई करतात. पश्चिम जर्मनीने 1961मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, 1973मध्ये भरती थांबवली आणि 1983मध्ये कायदा केला, की बेकार झालेला परदेशी कामगार परत जाणार असेल तर त्याला 10,500 मार्क आणि प्रत्येक मुलामागे 1,500 मार्क मिळतील. अट अशी, की अल्पवयीन मुलांसह सहकुटुंब जायचे. सज्ञान झालेली भावंडे मागे राहू शकत. एकाच घरातला थोरला भाऊ रूर खोऱ्यातल्या कारखान्यात आणि धाकटी बहीण आनातोलियातल्या अनोळखी शाळेत, अशी फाटाफूट त्यातून झाली. जिथे आईवडिलांना कागदपत्रांअभावी हद्दपारच केले जाते, जसे मेक्सिकोच्या कितीतरी कुटुंबांत अमेरिकेत झाले, तिथे तर ‘परतणे’ म्हणणेही क्रूर ठरेल. त्या मुलांचा प्रश्न आधी वकिलाचा आहे, मग समुपदेशकाचा. या पुस्तकातले विवेचन स्वेच्छेच्या परतीपुरते आहे, ही मर्यादा वाचकाने ध्यानात ठेवावी.

स्वेच्छेतही घरातल्या दोघांची इच्छा सारखी असतेच असे नाही. युरोपातल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. परतायची ओढ वडिलांना अधिक आणि नातवंडांजवळ राहायची ओढ आईला अधिक. स्वित्झर्लंडमधल्या इटालियन आणि स्पॅनिश निवृत्तांचा अभ्यास करणारे क्लाउडिओ बोल्झमन यांनी यातून निघणारी तिसरी वाटही दाखवली. पुष्कळ जण ना कायमचे जातात, ना कायमचे राहतात. ते ये-जा करतात. आपल्याकडेही थंडीत पुणे आणि उन्हाळ्यात न्यू जर्सी असा क्रम लावणारी जोडपी कमी नाहीत.

या ये-जा करण्यामागे मायेइतकाच हिशोबही असतो. अमेरिकेचा मेडिकेअर विमा सर्वसाधारणपणे देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. पुण्यात राहायचे म्हणून त्याचा ‘पार्ट बी’ हा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग सोडला आणि पुढे पुन्हा घ्यायची वेळ आली, तर खंड पडलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता 10 टक्क्यांनी चढतो आणि तो वाढीव भार सहसा जन्मभर राहतो. ब्रिटनमधून परतणाऱ्याची अडचण निराळी. तिथले सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण परतताना जेवढे असेल तेवढ्यावरच गोठते. तेच पेन्शन जमेकात किंवा बार्बाडोसमध्ये राहणाऱ्याला दरवर्षी वाढून मिळते, कारण त्या देशांशी तसे करार आहेत. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 2005पासून मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर परतलेल्याला आयुष्यभर राहता येते, मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परतीचा निर्णय मनाने होतो असे आपण म्हणतो. तो किती वेळा अशा कलमांनी होतो, हेही अभ्यासकाने पाहायला हवे.

मुलांच्या बाजूने

या क्षेत्राला नवी दिशा देणारे दोन अभ्यास इथे सांगायला हवेत. मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांचे 2012चे पुस्तक लंडनमध्ये कामाला असलेल्या फिलिपिनो आयांबद्दल आहे. फोन आणि व्हिडिओ कॉलमुळे आपल्याला पुन्हा आईपण मिळाले, असे बऱ्याच आयांना वाटत होते. संशोधकांनी मग फिलिपिन्समध्ये जाऊन त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांना विचारले. मुलांची उत्तरे तितकी समाधानाची नव्हती. एकाच फोनची दोन टोके दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होती. आपल्या विषयात पिढ्यांच्या जागा बदलतात, पण धडा तोच. आई पुण्याहून ‘आमचे अगदी छान चालले आहे’ म्हणते तेव्हा ते खरेच असते. मुलीच्या पोटात त्याच वाक्याने का तुटते, हा निराळा प्रश्न आहे आणि तो तिलाच विचारावा लागतो.

दुसरे काम पॉलीन बॉस यांचे. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत त्यांनी 1970च्या दशकात काम केले. माणूस नाही, पण गेलाही नाही, अशा स्थितीत अडकलेल्यांचे दुःख त्यांनी ‘अस्पष्ट वियोग’ या कल्पनेत मांडले. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1999मध्ये आले. स्थलांतर हे या वियोगाचे त्यांनी दिलेले एक मोठे उदाहरण आहे आणि ते त्यांच्या घरातले होते. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून विस्कॉन्सिनमध्ये आलेले, आणि मुलगी लहानपणापासून त्यांची मायदेशाच्या डोंगरांची ओढ पाहत वाढली.

आईवडील परतल्यावर चाळिशीतल्या मुलाला जे होते त्याला हे वर्णन चपखल लागू पडते. कोणी वारलेले नाही. उलट आईवडील सुखात आहेत, सकाळी टेकडीवर जातात, संध्याकाळी कट्ट्यावर बसतात. अशा वेळी दुःख करायला कारण काय, असे लोक विचारतात, आणि तो स्वतःही विचारतो. मृत्यूला तेरावे असते, लग्नाला पाठवणी असते. आईवडिलांच्या परतीला कोणताच विधी नाही. मंडळात निरोप समारंभ होतो, श्रीफळ आणि शाल दिली जाते, पण तो त्यांचा गौरव असतो. मुलगा त्या दिवशी खुर्च्या लावत असतो.

एक गोष्ट जवळून पाहू, म्हणजे हे हवेत राहणार नाही. रोज सकाळी आठला, मुलांना शाळेत सोडताना, एडिसनची मुलगी आईला फोन लावते. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. चहा झालेला, वडील गॅलरीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात, आणि तिचे आठ म्हणजे पुण्याचे साडेसहा होतात. ती आईची देवापाशी दिवा लावून भिशीच्या किंवा भजनाच्या मैत्रिणींकडे निघायची वेळ. ‘पटकन बोल, खाली त्या थांबल्यात.’ पहिले चार-सहा दिवस मुलीला राग येतो. मग तिच्या ध्यानात येते, की आईला आता तिथे स्वतःचे वेळापत्रक आहे आणि तिच्या दिवसात आपण पाहुणे आहोत. मार्चमध्ये घड्याळ पुन्हा पुढे जाते, साडेपाच परत मिळतात, तोवर आईने साडेपाचला योगवर्ग लावलेला असतो. वर्षातून दोनदा असे नाते नव्याने ठरवावे लागते. सरकारच्या घड्याळाने घातलेल्या या कोड्यातून आईलेकी कशा वाट काढतात, याचा अभ्यास प्रबंधाच्या तोडीचा होईल.

सावरणे म्हणजे काय काय करणे

‘सावरणे’ म्हटले की मन डोळ्यांपुढे येते. संशोधन सांगते, की त्याचा बराच भाग कामाचा असतो. लोरेटा बाल्डासार, कोरा बाल्डॉक आणि रेलीन वाइल्डिंग यांनी ऑस्ट्रेलियातल्या स्थलांतरितांचा आणि इटली, आयर्लंड, नेदरलँड्स आदी देशांत राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास 2007मध्ये प्रसिद्ध केला. दूरच्या कुटुंबातली काळजी त्यांनी पाच प्रकारांत मांडली. पैशाची, कामाधामाची, हातची म्हणजे प्रत्यक्ष जवळ राहून करायची, निवाऱ्याची आणि मनाची. यांतली हातची सेवा दुरून होत नाही. बाकीच्या चार होतात, फक्त त्यांची वाटणी उघडपणे व्हायला हवी. ज्या घरांत भावंडांनी बसून ही वाटणी केली, म्हणजे बँकेचे कोण पाहणार, डॉक्टरांशी कोण बोलणार, रोजचा फोन कुणाचा, तिथे अपराधी भाव निदान कामाला लागतो. ज्या घरांत तो विषय काढणे वाईट दिसेल म्हणून टाळला, तिथे एक बहीण सगळे करते आणि भाऊ दुरून सल्ले देतो.

हातची सेवा पुण्यात कोण करतो? बहुधा मामेबहीण, पुतण्या, शेजारच्या काकू आणि पगारी मदतनीस. हा या विषयातला सर्वांत नाजूक दुवा आहे. मध्यरात्री दवाखान्यात डिपॉझिट भरणारा पुतण्या आणि तिसऱ्या दिवशी विमानाने येऊन ‘दुसरा डॉक्टर पाहू’ म्हणणारा मुलगा यांच्यात ठिणगी पडतेच. वैद्यकात हा नमुना चांगला ओळखीचा आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी 1991मध्ये त्याला ‘कॅलिफोर्नियाच्या मुलीचा आजार’ असे गमतीदार नाव दिले. दूर राहणारे अपत्य शेवटच्या घटकेला येते, आणि अपराधी वाटत असल्यानेच सगळे उपचार करा म्हणून हटून बसते. त्यावरचा उपाय आजार यायच्या आधीचा आहे. जो जवळ आहे त्याला निर्णयाचा अधिकार कागदावर द्यावा, त्याचे उपकार तोंडाने मानावेत आणि खर्चाचा भार त्याच्यावर एका दिवसासाठीही पडू देऊ नये.

कागदांचे महत्त्व मराठी घरांत सांगावे लागते, कारण त्यांचा विषय काढणे अशुभ मानले जाते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांनी स्वतःचे ओसीआय कार्ड वेळीच करून ठेवले तर ऐन वेळी व्हिसासाठी खोळंबावे लागत नाही. न्यूअर्कहून मुंबईला थेट विमानानेसुद्धा पंधरा-सोळा तास लागतात, पुढे पुण्याचा रस्ता. म्हणून आणखी एक प्रश्न आईवडिलांनाच, ते धडधाकट असताना, विचारून ठेवावा. वेळ आली तर आम्ही पोचेपर्यंत थांबायचे का? उत्तर ‘थांबू नका’ असेल तरी ते त्यांच्या तोंडून आलेले असते, आणि पुढे आयुष्यभर पुतण्याशी भांडण राहत नाही.

आणि घर. तीस-पस्तीस वर्षांचे घर विकताना तळघरातून जे निघते ते आईवडिलांनी एकट्याने निवडू नये, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. त्यांच्या लेखी जो जुना कुकर भंगाराचा असतो, त्याच्याच शिट्ट्यांवर मुलाचे बालपण गेलेले असते. मुलांना एक दिवस द्यावा, हवे ते नेऊ द्यावे. चांदीच्या वाट्या राहतील आणि पावभाजीचा मॅशर जाईल, याचे वाईट वाटून घेऊ नये.

वाचकाला

या क्षेत्रात येणाऱ्याने दोन मोह टाळावेत. एक निवाडा करण्याचा. परतणारे स्वार्थी की राहणारी मुले कृतघ्न, या वादात पडले की अभ्यास संपतो आणि चावडी सुरू होते. दुसरा सगळ्याला दुःखाचा रंग देण्याचा. पुष्कळ मुलांना आईवडील परतल्यावर पहिल्यांदा भारत आपला वाटू लागतो. तोवर तो सुट्टीतल्या नातेवाइकांचा देश असतो. आता पुण्यात आपली एक खोली असते, तिथल्या दुकानदाराला आपले नाव ठाऊक असते, नातवंडे आजीशी बोलण्यापुरते का होईना मराठी शिकतात. बाल्डासार यांनी इटलीकडच्या भेटींबद्दल लिहिताना दाखवले, की भेटीला जाणे हा स्थलांतराचाच एक भाग आहे. एडिसनच्या मुलीची वर्षातली पुण्याची तीन आठवड्यांची फेरी त्याच हिशोबात धरावी.

मराठी वाचकाकडे या अभ्यासासाठी एक साधन आहे, ज्याचा उपयोग अजून फारसा झालेला नाही. 1970च्या दशकात साताऱ्याहून, सोलापूरहून, गिरगावातून अमेरिकेला गेलेले एरोग्राम कित्येक घरांत बासनात बांधून ठेवलेले आहेत. मागे राहिलेल्यांनी ते लिहिले. महिन्याचा पगार, पाऊस, शेजारच्यांचे लग्न, गुडघेदुखी लपवून ‘प्रकृती ठीक’, आणि शेवटी ‘कधी येतोस’ न विचारता विचारणे, अशी उरलेल्याने करायची सगळी कारागिरी त्यांत आहे. नातवंडांना देवनागरी वाचता येत नसेल, तर परतलेल्या आईवडिलांनी ती पत्रे व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवावीत, आठवड्याला एक. विद्यार्थ्याने ती नकलून घ्यावीत आणि त्यांच्या शेजारी आजचे व्हॉट्सॲप संदेश ठेवावेत. आपल्या आधी कुणी मागे राहिलेले नाही, असे वाटणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला त्यात आपले पूर्वज भेटतील, आणि या क्षेत्राला आपला पहिला मोठा मराठी संग्रह मिळेल. पुढची प्रकरणे वाचून झाली की कपाट उघडावे.